अंगणातलं बॅडमिंटन, कोर्टवरचं बॅडमिंटन

खाडीपलीकडे

फिटनेसच्या धाग्यावर दोघातिघांनी विचारलं होतं, बॅडमिंटन सुरू करायचंय, कुठली रॅकेट घेऊ? उत्तर लांबत चाललं म्हणून हा वेगळा धागा. मी रत्नागिरी जिल्ह्यातला, हौशी खेळाडू, कोच नव्हे. जिल्हा पातळीच्या स्पर्धांत उतरतो आणि बहुतेकदा लवकर घरी येतो. हे सगळं आपल्याकडच्या हवेत, आपल्याकडच्या जागांत खेळणाऱ्यांसाठी आहे. चार पावलांवर अकॅडमी असणाऱ्या पुणे-मुंबईकरांनी यातलं निम्मं सोडून द्यावं.

रॅकेटचं शेवटी बघू. आधी बूट.

बघणाऱ्याला वाटतं हा हाताचा खेळ आहे. खेळणाऱ्याचे हाल पाय करतात. कोर्ट १३.४० मीटर लांब, दुहेरीला ६.१० आणि एकेरीला ५.१८ मीटर रुंद. त्यातलं अर्धंच तुमचं, पण तेवढ्यात पुढे झेप, मागे उडी, बाजूला वळण हे सतत चालू. पळायच्या बुटांची टाच जाड आणि मऊ असते, सरळ धावण्यासाठी बनवलेली. ते घालून बाजूला झेप घेतली की पाय बुटासकट कलंडतो आणि घोटा मुरगळतो. बॅडमिंटनच्या बुटाचा तळ बुटका, सपाट, गम रबराचा असतो. हाताशी तीन हजार असतील तर दोन बुटांना घाला, एक रॅकेटला. आणि ते बूट घालून घरून चालत येऊ नका, पिशवीतून आणा. आपल्याकडची जांभ्याची लाल धूळ तळाच्या खाचांत बसली की तोच महागाचा बूट लादीवर घसरतो. कोर्टच्या दाराशी एक ओलं फडकं टाकून ठेवावं, त्यावर तळ घासायचे आणि मगच आत.

दुसरी गोष्ट वारा. फुलाचं (शटलकॉकचं) वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम. पिसाच्या फुलाला १६ पिसं आणि पुढे बूच. एवढ्याशा वस्तूचं दर्यावरचा वारा काय करतो ते किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते ना, ते इथे कामाला येतात. रात्री जमीन निवते, त्यामुळे पहाटे जमिनीकडून समुद्राकडे हलका मतलई वारा असतो. ऊन चढलं की तो पडतो, आणि दुपारकडे खारा वारा जो धरतो तो संध्याकाळपर्यंत सोडत नाही. म्हणून उघड्यावर खेळायचं तर उजाडल्यापासून नऊपर्यंत. नोकरीवरून आल्यावर पाच वाजता अंगणात खेळून "आपल्याला जमत नाही बुवा" म्हणणाऱ्यांनी एकदा सकाळी खेळून बघावं. जाळी अशी बांधा की वारा कोर्टच्या लांबीने वाहील. मग एका बाजूला फायदा, दुसरीला तोटा, आणि बाजू बदलल्या की फिटंफाट. आडवा वारा दोघांनाही रेषेबाहेर नेतो आणि भांडणं लावतो.

उघड्यावर नायलॉनचंच फूल घ्या. बुचाभोवती रंगीत पट्टी असते. हिरवी म्हणजे संथ, निळी मध्यम, लाल जलद. उष्ण हवा विरळ, तिच्यात फूल लांब पळतं, म्हणून आपल्याकडे हिरवी बरी. आमच्या गावच्या दुकानदाराकडे मात्र कायम निळीच असते.

आता रॅकेट. ४यू लिहिलेली घ्या, म्हणजे ८० ते ८४ ग्रॅम. ३यू त्याहून जड, ८५ ते ८९. नवशिक्याने जड डोक्याच्या रॅकेटच्या मागे लागू नये, खांदा धरतो. तार २० ते २४ पौंडांत ओढून घ्या. टीव्हीवरच्या खेळाडूंची तार ३० पौंडांची असते म्हणून आपलीही तशी ओढायची हे खूळ आहे. तार जितकी ताठ, तितका फूल नीट लागण्याचा पट्टा लहान, आणि कोपर दुखायला लागतं ते वेगळंच. जत्रेतल्या लोखंडी जोड्या मुलांना ठीक. खाऱ्या हवेत त्यांचा दांडा वर्षाच्या आत गंजून सांध्यात मोडतो.

पकड. दहांतले आठ जण रॅकेट उलथनं धरल्यासारखी धरतात, तारांचं तोंड समोर करून. त्याने पहिल्या दिवशी फूल बरं लागतं आणि पुढे जन्मभर बॅकहँड येत नाही. रॅकेटची कड जमिनीकडे उभी करा आणि मुठीशी हस्तांदोलन करा. ही फोरहँडची पकड. बॅकहँडला रॅकेट किंचित फिरवून अंगठा मागच्या रुंद बाजूवर टेकवा. दोन्हींत बोटं सैल, फक्त फूल लागायच्या क्षणी आवळायची. मूठ सतत घट्ट आवळून खेळणाऱ्याच्या फटक्याला जोर येत नाही. टीव्ही बघताना हातात रॅकेट घेऊन पकड बदलत बसा, घरचे हसतील, हसू देत.

सर्व्हिस. नवीन माणूस सगळा वेळ स्मॅश मारण्यात घालवतो, आणि सामना जातो सर्व्हिस जाळीत मारून. २०१८ पासून नियम असा की सर्व्हिस करताना रॅकेट लागेल तेव्हा संपूर्ण फूल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली हवं. आधी कमरेचा हिशोब होता, त्यावरून वाद व्हायचे. दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, रेषेवर पाय नाही, फूल समोरच्या तिरक्या चौकोनात. २०२३ मध्ये बोटांनी फिरकी देऊन सोडायची सर्व्हिसही बंद झाली. दुहेरीत बॅकहँडने आखूड सर्व्हिस शिकून घ्या. जाळी मध्यभागी १.५२४ मीटर उंच असते. तिच्यावर वीतभर अंतराने एक सुतळी बांधा आणि फूल जाळी-सुतळीच्या फटीतून घालवा, म्हणजे ते जाळीपासून १.९८ मीटरवरच्या रेषेच्या जरा पुढे पडेल. हे एकट्याने करता येतं. दहाबारा फुलं, एक बादली आणि अर्धा तास.

गुणांचं थोडक्यात. गेम २१ चा, तीनांत दोन. २०-२० झालं तर दोनचा फरक हवा, २९-२९ झालं तर ३० वा मारणारा जिंकला. प्रत्येक रॅलीला गुण, सर्व्हिस कुणाचीही असो. ही पद्धत २००६ पासूनची. त्याआधी १५ चा गेम असायचा आणि गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच मिळायचा. काका लोक अजून तसंच खेळतात, त्यांच्याशी वाद घालू नका.

बाकी विचारा.

आमसूल

वाखुसा (वाचनखूण साठवली). छान आणि सरळ लिहिलंय.

माझं वय ४६, चिपळूणजवळ राहते. शाळेत असताना अंगणात खेळायचे, त्यानंतर रॅकेटला हात लावलेला नाही. आमच्या कॉलनीतल्या बायकांनी मिळून सुरू करायचं ठरवलंय. एकीचा गुडघा दुखतो, एकीला बीपी. सुरू करावं का? की चालणंच बरं?

खाडीपलीकडे

आमसूलताई, जरूर करा, पण बीपीवाल्या मैत्रिणीने आधी डॉक्टरांना विचारून घ्यावं. हा खेळ झटक्याझटक्याचा आहे. नाडी एकदम चढते, चालण्यासारखी हळूहळू नाही.

चाळिशीनंतर सगळ्यात नाजूक जागा म्हणजे टाचेच्या वरची शीर. थंड अंगाने उतरून मागे धावत फूल घ्यायला गेलात की ती तुटते, आणि तुटताना मागून कुणीतरी लाथ मारली असं वाटतं. मग महिनोन्महिने पाय बांधून घरी. म्हणून आधी दहा मिनिटं अंग गरम करा. कोर्टभोवती चालणं, मग हलकं धावणं, पायरीवर चवडे टेकून टाचा वर-खाली, खांदे फिरवणं. आधी ताणून धरण्यापेक्षा हालचाल महत्त्वाची. ताणायचं ते खेळून झाल्यावर.

गुडघ्याचं म्हणाल तर जाळीजवळ झेप घेताना रॅकेटच्या हाताचाच पाय पुढे टाकायचा, टाच आधी टेकवायची, आणि गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनेच वाकला पाहिजे, आत वळता कामा नये. सुरुवातीचे दोन महिने दुहेरीच खेळा. एकेरी म्हणजे तरण्याताठ्यांचं काम.

बॅकहँड_बाबा

दुहेरीत अजून एक. पुढे उभ्या असलेल्या बाईने "मागे काय चाललंय" म्हणून मान वळवून बघायचं नाही. जोडीदाराचं फूल सरळ डोळ्यावर बसतं. डोळ्याची दुखापत बहुतेक अशीच होते. मागचं मागच्यावर सोडावं, नजर पुढे.

बाकी लेखातल्या नायलॉनच्या सल्ल्याशी असहमत. नायलॉनचं फूल फटका बसल्यावर पिसाच्या फुलाइतकं पटकन मंदावत नाही, जाळीवर गोंजारून टाकायचे फटके त्याने नीट बसत नाहीत. तुम्ही वर्षभर नायलॉनवर शिकलात आणि स्पर्धेला गेलात की तिथे पिसाचं फूल. सगळा अंदाज चुकतो. शिकायचं तर पहिल्या दिवसापासून पिसावर.

खाडीपलीकडे

बाबा, तुम्ही म्हणता ते स्पर्धेवाल्यांना लागू. पण पिसाचं फूल नवशिक्याच्या हातात दोन गेम टिकत नाही. कडेवर बसलं की पिसं मोडतात. आणि वारा असेल तर ते उघड्यावर काढणं म्हणजे पैसे उडवणं, अगदी शब्दशः. आमच्याकडे नवीन मुलांना जुनी, दोनतीन पिसं गेलेली फुलं सर्व्हिसच्या सरावाला देतो. नवीन डबा शनिवारी सामन्यांना.

बॅकहँड_बाबा

हा तोडगा चालेल.

पिसाच्या फुलांबद्दल एक माहिती देतो, डबा घेताना लोक बघत नाहीत. डब्याच्या झाकणावर ७५, ७६, ७७, ७८ असा आकडा असतो. आकडा लहान तितकं फूल संथ. उंचावर हवा विरळ, तिथे संथ फूल लागतं, समुद्रसपाटीला तेच आखूड पडतं. पुण्याहून कुणी स्वस्तात मिळाला म्हणून डबा आणतो आणि रत्नागिरीत सगळ्यांची क्लिअर (मागच्या रेषेपर्यंत मारायचा उंच फटका) अर्ध्यात पडते, मग म्हणतात माझा खांदाच गेला. खांदा शाबूत आहे हो, डबा घाटावरचा आहे!

तपासायची रीत नियमातच दिलीय. मागच्या रेषेवर उभं राहून खालून पूर्ण ताकदीने, बाजूच्या रेषेला समांतर फूल मारायचं. ते पलीकडच्या मागच्या रेषेच्या ५३० ते ९९० मिलिमीटर अलीकडे पडलं की वेग बरोबर.

घाटावर कोरड्या हवेत पिसं कडक होऊन मोडतात, म्हणून लोक फुलांना वाफ देतात. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेलाच वाफ असते, तो उपद्व्याप करू नका.

माडवाला

ह्या सगळा बरा सांगितलास, पण पावसात खेळूचा खय? जून लागलो की अंगणात शेवाळ. पावळेखाली खेळू?

खाडीपलीकडे

माडवाल्यानू, पावसाळ्यात मंगल कार्यालय गाठा. गंमत नाही करत. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नाचे मुहूर्त नसतात, तेव्हा तालुक्यातले निम्मे हॉल कुलूप लावून बसलेले असतात. मालकाला महिन्याचं ठरवून पैसे दिले तर तो खूश, हॉलला हवा लागते, उंदीर कमी होतात. आमचा गट असाच चालतो.

अडचणी तीन. छत बुटकं असतं, त्यामुळे उंच क्लिअर जात नाही, सगळा खेळ सपाट ड्राइव्हचा होतो. पंखे बंद ठेवायचे, नाहीतर फूल भलतीकडे जातं, मग घामाने निथळायचं. आणि तिसरी, सगळ्यात धोक्याची: दमट हवेत गुळगुळीत लादीला घाम सुटतो. दिसत नाही, हात फिरवला की ओला होतो. त्या दिवशी खेळ रद्द, कितीही जण जमले असोत. आम्ही एकदा वर्गणी काढून रबरी मॅट आणली, ती गुंडाळून स्टेजमागे ठेवतो. दिवाळीनंतर हॉल लग्नांना मोकळा आणि आम्ही अंगणात.

दिव्यांचंही बघा. हॉलचं मोठं झुंबर जर जाळीच्या डोक्यावर येत असेल तर वर बघितलं की काही दिसत नाही. जाळी फिरवून दिवे कोर्टच्या कडेला येतील असं करा. विजेची तक्रार करत नाही, ती पावसाळ्यात जायचीच.

चाकरमानी_डोंबिवली

गणपतीला गावी आलो की हा धागा कामाला येईल.

अवांतर: इंग्लंडात ड्यूक ऑफ ब्यूफर्टच्या बॅडमिंटन हाउसवरून खेळाचं नाव पडलं हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याआधी पुण्याच्या छावणीतले गोरे अधिकारी हा खेळ खेळत होते आणि खेळाला 'पूना'च म्हणत, हे कमी जणांना. १८७० च्या दशकात पहिले नियमही पुण्यातच लिहिले गेले असं सांगतात. म्हणजे तसा आपल्याच मुलखातला खेळ.

आणि मराठी माणसांत नंदू नाटेकर. सांगलीचे. १९५६ साली मलायात सेलांगर स्पर्धा जिंकली, परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत ते होते. प्रकाश पदुकोणची १९८० ची ऑल इंग्लंड आणि गोपीचंदची २००१ ची आपण घोकतो, नाटेकरांचं नाव मुलांना माहीत नसतं. २०२२ ला भारताने थॉमस कप, म्हणजे पुरुषांची सांघिक जागतिक स्पर्धा, जिंकला त्या संघातला चिराग शेट्टी मुंबईचा.

बॅकहँड_बाबा

+१ नाटेकरांसाठी.

चिरागचा जोडीदार सात्त्विकसाईराज. त्याच्या स्मॅशचा २०२३ मध्ये गिनेसने वेग नोंदवला, ताशी ५६५ किलोमीटर. हे ऐकून मुलं नुसती जोरात मारायला लागतात, म्हणून सांगतो: तो वेग रॅकेटवरून सुटतानाचा आहे. फुलाच्या पिसांचा घेर हवा अडवतो, समोर पोचेपर्यंत त्यातला बराचसा गेलेला असतो. म्हणून तर स्मॅश परतवता येतो. आणि म्हणूनच जोरापेक्षा जागा महत्त्वाची. समोरच्याच्या रॅकेटच्या बाजूच्या कमरेवर मारलेला मध्यम स्मॅश जास्त त्रास देतो.

सुरंगी

माझी मुलगी अकरा वर्षांची, सावंतवाडीजवळ आहोत. तिला स्पर्धा खेळायच्या आहेत, रोज मागे लागते. इथे पूर्णवेळ कोच नाही. काय करता येईल? आणि स्पर्धांचा रस्ता नेमका कसा असतो?

खाडीपलीकडे

सुरंगीताई, दोन रस्ते आहेत आणि दोन्ही एकदम धरता येतात.

एक शाळेचा. क्रीडा खात्याच्या शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. शाळेच्या क्रीडाशिक्षकांना जुलैतच गाठा, नाव त्यांच्याकडूनच जातं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या स्पर्धांत कोल्हापूर विभागात येतात. म्हणजे जिल्हा जिंकला की पुढचा सामना घाट चढून, सांगली-कोल्हापूरच्या मुलींशी. तिथल्या मुली रोज मॅटवर खेळलेल्या असतात. पहिल्या वर्षी हरली तर मनाला लावून घेऊ नका.

दुसरा जिल्हा बॅडमिंटन संघटनेचा. त्यांच्याकडून राज्य स्पर्धांच्या प्रवेशिका जातात. तिथे गट वेगळे, १३, १५, १७, १९ वर्षांखालील. जन्मदाखला, आधार, फोटो यांच्या प्रती कायम तयार ठेवा. तारखा ऐनवेळी कळतात हा सगळीकडचाच अनुभव.

कोच नसेल तर पाय घरी तयार होतात. अंगणात खडूने कोर्टचा अर्धा भाग आखा, मध्ये उभं राहायचं, तुम्ही बोटाने कोपरा दाखवायचा: पुढे डावा, पुढे उजवा, दोन्ही बाजू, मागचे दोन. तिने जायचं, हवेत फटका मारायचा, परत मध्ये. फूल नको. परत मध्ये येणं हाच धडा आहे, मुलं फटका मारून तिथेच कौतुक बघत उभी राहतात. आणि समोरचा मारणार त्या क्षणी एक बारीकशी उडी मारून दोन्ही पायांवर टेकायचं, मग कुठल्याही बाजूला निघता येतं. सुट्टीत महिनाभर कोल्हापूर किंवा गोव्यात शिबिराला पाठवता आलं तर उत्तम, पण ते खर्चाचं आहे. उरलेले अकरा महिने अंगणातच जायचेत.

आमसूल

मला डबल्सचं विचारायचंय. चौघी उभ्या राहतो आणि दोघी एकाच फुलाला धावतो, नाहीतर दोघी एकमेकींकडे बघतो आणि फूल मध्ये पडतं. परवा रॅकेटवर रॅकेट आपटून एकीची फ्रेम गेली.

बॅकहँड_बाबा

हे अख्ख्या महाराष्ट्रात होतं, काळजी नको. सूत्र एवढंच: फूल तुम्ही खाली मारताय तेव्हा एक पुढे एक मागे. फूल तुम्ही वर उचललंत तेव्हा दोघी शेजारी-शेजारी, कोर्टचे उभे दोन भाग. म्हणजे उचलणारीने उचलल्या उचलल्या बाजूला सरकायचं, सरळ मागे पळायचं नाही. मधलं फूल फोरहँड मध्यात येईल तिचं, म्हणजे दोघी उजव्या हाताच्या असाल तर डावीकडे उभी असलेलीचं. आणि तोंडाने बोला. "माझं", "तुझं", "सोड". गप्प राहून डबल्स होत नाही.

सर्व्हिस कोणी करायची यावरही घोळ होतो. सर्व्हिस मिळालेल्या जोडीचा गुण सम असेल तर उजवीकडे उभी असलेली करणार, विषम असेल तर डावीकडची. सर्व्हिसवर गुण मिळाला तर फक्त त्या दोघींनी जागा बदलायच्या. घेणाऱ्या जोडीने हलायचं नाही. आणि सर्व्हिस जाळीला चाटून पलीकडे योग्य चौकोनात पडली तर ती चालते, पुन्हा घ्यायची नाही. टेनिस बघणारे इथे हटकून भांडतात.

माडवाला

समुद्रावर खेळूक गावला तर? आमच्याकडे एवढी मोठी वेळ (किनारो) पडलेली आसा.

खाडीपलीकडे

किनाऱ्यावर खेळायला खरं तर एक वेगळा खेळच काढलाय. जागतिक महासंघाने २०१९ मध्ये एअरबॅडमिंटन सुरू केलं, उघड्यावर, वाळूवर किंवा गवतावर खेळायला. फूल खास बनवलेलं, वाऱ्यात कमी भरकटणारं. कोर्ट १६ मीटर लांब, आणि जाळीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटरचा पट्टा बाद, कारण वाऱ्यात जाळीजवळचे नाजूक फटके जमत नाहीत. गेम ११ चा, पाचांत तीन. तिघांच्या संघाचाही प्रकार आहे. ते फूल आपल्या बाजारात अजून मी पाहिलेलं नाही. साधं नायलॉनचं घेऊन, जाळीजवळचा पट्टा बाद धरून खेळलात तरी खेळ बराच सुधारतो. पायात काही नको, पण आधी शिंपल्या आणि काचा वेचा.

माडवाला

येळ मी सांगतंय. पुनव नि अवस जवळ आली की दुपारच्या सुमाराक भरती, म्हणजे पहाटे सुकती (ओहोटी). तेवा वाळू ओली आणि घट्ट, पाय रुतणत नाय, नि वारोपण पडलेलो. अष्टमीच्या आसपास गेलास तर पहाटे पाणी वर, खेळूक जागाच नाय. कालनिर्णय बघून जावा.

खाडीपलीकडे

हे लेखात घालायला हवं होतं. मतलई वारा आणि सुकती एकाच वेळी, याहून चांगलं कोर्ट नाही. बांबू मात्र खेळून झाल्यावर उपटून न्या, होड्या ओढणाऱ्यांना अडचण होते.

सुरंगी

खूप धन्यवाद, खडूचं कोर्ट आजच आखलं.

पावसाळ्यात रॅकेटचं काय करायचं? गेल्या वर्षी मुठीला बुरा आला होता आणि बुटांना वास.

खाडीपलीकडे

मुठीवरचं ग्रिप काढून टाका, धुवून परत लावू नका, नवीनच गुंडाळा. स्वस्त असतं. खेळून आल्यावर रॅकेट पिशवीत कोंडायची नाही, भिंतीला टांगायची. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे, दुसऱ्या दिवशी बदलायचे. चुलीजवळ किंवा उन्हात वाळवू नका, तळाचा गोंद सुटतो. हाताला फार घाम येत असेल तर टॉवेलचं ग्रिप बरं, पण पावसाळ्यात तेच आधी बुरशी धरतं, त्यामुळे जून ते सप्टेंबर साधं पातळ ग्रिप.

चाकरमानी_डोंबिवली

शेवटचा प्रश्न, आमच्या घरातला जुना तंटा. अंगणावर फणसाची एक फांदी येते. फूल तिला लागून पलीकडे पडलं तर गुण कुणाचा? दरवर्षी भावाशी वाजतं.

बॅकहँड_बाबा

नियमाप्रमाणे फूल छताला, भिंतीला किंवा कोर्टबाहेरच्या कुठल्याही वस्तूला लागलं की मारणाऱ्याचा दोष, गुण समोरच्याला. पण इमारतीच्या रचनेमुळे अडथळा येत असेल तर स्थानिक संघटनेला त्याबद्दल स्वतःचा पोटनियम करता येतो, हेही नियमातच आहे. बुटक्या छताच्या हॉलमध्ये बरेच क्लब सर्व्हिस तुळईला लागली तर पुन्हा घ्यायला देतात, रॅलीत लागली तर गुण जातो. फणसालाही तेच लावा. फक्त खेळायच्या आधी ठरवा. १९-१९ झाल्यावर नाही.

चाकरमानी_डोंबिवली

भावाला हा प्रतिसाद पाठवला. त्याचं म्हणणं, घर त्याच्या नावावर आहे त्यामुळे स्थानिक संघटना तोच.